ग्वाल्हेर : शून्य, दोनशे आणि कुसुमावती

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गाड्या जातात त्या उरवाई दरवाजाने. तिकडून वर गेलात तर मानमंदिर, सास-बहू, तेली का मंदिर असं सगळं बघून होतं, पण गणिताचे अभ्यासक ज्यासाठी इथे येतात ती जागा राहून जाते. म्हणून आम्ही पूर्वेकडून, गुजरी महालापासून पायी चढलो. चढ चांगलाच दमवतो. वाटेत एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. इतकं लहान की मोठा घोळका आत मावणारच नाही.

आतला शिलालेख इ.स. 876 चा, प्रतिहार राजा मिहिरभोजाच्या काळातला. अल्ल नावाच्या कोटपालाने, म्हणजे किल्ल्याच्या रखवालदार अधिकाऱ्याने, हे मंदिर बांधवलं. देवाच्या फुलबागेसाठी 187 हात गुणिले 270 हात जमीन आणि रोज 50 माळा, अशी नोंद त्यात आहे. 270 आणि 50 मधलं शून्य म्हणजे बाकीच्या अंकांपेक्षा लहानसं वर्तुळ. बोट न लावता, डोळे अगदी जवळ नेऊन पाहिलं. ‘जगातलं पहिलं शून्य’ असं सर्रास सांगतात, ते बरोबर नाही. कंबोडियातल्या एका शिलालेखात 683 सालचं शून्य आहे, तिथे ते ठिपक्याच्या रूपात. पण मला त्या पहिलेपणाचं काही वाटत नाही. देवळाच्या फुलांच्या हिशेबात शून्य इतक्या सहज येतं, म्हणजे तेव्हा ते इथल्या माणसांच्या हातात पुरतं रुळलेलं होतं! या विचाराने अंगावर काटा आला.

दुपारी कॅप्टन रूपसिंह स्टेडियम बाहेरूनच पाहिलं. 24 फेब्रुवारी 2010 ला सचिनने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध इथे 147 चेंडूंत नाबाद 200 केले. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांतलं ते पहिलं द्विशतक. (बेलिंडा क्लार्कने 1997 मध्येच मुंबईत नाबाद 229 केल्या होत्या, हे आपण फार लवकर विसरतो.) दुसरं द्विशतक सेहवागचं, 219, तेही मध्य प्रदेशातच, इंदूरला. आणि मैदानाला नाव मात्र हॉकीपटूचं! रूपसिंह म्हणजे ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताने अमेरिकेला 24-1 असं हरवलं, त्यात 10 गोल एकट्या रूपसिंहांचे.

संध्याकाळी शहराच्या लष्कर नावाच्या भागात आत्याकडे. महाराज बाड्यापासून जवळच घर. इथल्या मराठी घरांत बोलणं मराठी, त्यात मध्येच ‘अच्छा’, ‘बिल्कुल’. मी आत्याला म्हटलं, “अगं, माझ्यासाठी या शहराची सर्वांत मोठी गोष्ट ना किल्ल्यावर आहे, ना मैदानात.” 1961 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरलं आणि कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या. पहिलं संमेलन पुण्यात 1878 मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली. म्हणजे बाईला त्या खुर्चीत बसायला 83 वर्षं लागली आणि तो मान महाराष्ट्राबाहेरच्या या गावाला मिळाला. त्यांचे पती कवी अनिल 1958 च्या मालवण संमेलनाचे अध्यक्ष होते. नवरा-बायको दोघेही संमेलनाध्यक्ष, असं दुसरं उदाहरण नाही. पण कुसुमावतींची ओळख ‘अनिलांच्या पत्नी’ अशी करून देणाऱ्यांचा मला राग येतो. ‘पासंग’ वाचा. समीक्षा इतकी नितळ आणि न्यायी असू शकते, हे मला त्या पुस्तकाने दाखवलं. दुर्दैव असं, की त्याच वर्षी त्या गेल्या.

त्यानंतर 1975 मध्ये कराडला दुर्गा भागवत, 1996 मध्ये आळंदीला शांता शेळके, 2001 मध्ये इंदूरला विजया राजाध्यक्ष, 2019 मध्ये यवतमाळला अरुणा ढेरे आणि 2025 मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. आत्याने बोटांवर मोजलं. “सहा जणी. त्यातल्या तिघी महाराष्ट्राबाहेर,” ती म्हणाली, “आणि सुरुवात आमच्याकडून.” मग तिने शेजारच्या काकूंना हाक मारून सगळं पहिल्यापासून सांगितलं, ग्वाल्हेरवर जरा जास्तच जोर देऊन.