बिस्किटवाली बाई: आमची वाटचाल

कोल्हापुरात लोक कुत्रं शिकवायला घालतात ते ‘कडक’ व्हावं म्हणून. गेटवर कोण आलं की अंगावर धावलं पाहिजे, मालकानं ‘बस’ म्हटलं की जागेवर बसलं पाहिजे, आणि हे सगळं महिन्याभरात. २०१४ साली आम्ही क्लास काढला तेव्हा फोनवर पहिला प्रश्न असायचा, ‘किती दिवसांत कडक होईल?’ आणि दुसरा, ‘सर आहेत का?’ सर नव्हते. मी होते, आणि जोडीला माझे धाकटे दीर. शिकवायची मी, पट्टा धरायचे ते, आणि घरी जाताना मालक हात मिळवायचे त्यांच्याशी.

त्याआधी मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होते. टेबलावर चढवलेली कुत्री धरून ठेवायची, हे माझं काम. चावणारी म्हणून ज्यांची ख्याती होती, त्यातली बहुतेक भ्यालेली असतात हे तिथंच कळलं. शेपूट पोटाखाली, कान मागं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, भूक नसताना ओठ चाटतंय, झोप नसताना जांभया देतंय. मालक म्हणणार, ‘माजलंय.’ मी घरून उकडलेली कलेजी न्यायला लागले. इंजेक्शनआधी टेबलावर थोडी चोळायची. काही आठवड्यांत तीच कुत्री ओढत आत यायला लागली, आणि डॉक्टर म्हणाले, ‘हे तू धंदा म्हणून कर.’

साहित्य काय होतं? काही नाही. लांब दोरी हवी, म्हणजे कुत्रं मोकळं फिरल्यासारखं फिरेल पण निसटणार नाही. दहा मीटरची तयार लाईन तेव्हा इथं मिळत नव्हती, म्हणून लक्ष्मीपुरीतून बैलाचा कासरा आणला. सुती कासरा पावसात भिजला की जड होतो, आणि लॅब्राडॉरनं झटका दिला की तळहात सोलतो. मग चप्पल लाईनमधल्या एका कारागिरांना गाठलं. मी त्यांना मामा म्हणते. छातीवर वाय आकारात बसणारा हार्नेस त्यांना कागदावर काढून दाखवला. गळ्यावर दाब नको, पुढच्या पायांच्या हालचालीत पट्टी आडवी यायला नको. मामांनी पहिला चामड्याचा केला. देखणा! पितळी बकल, मेणदोऱ्याची शिलाई. आमच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरली. मग नायलॉनची पट्टी, आतून मऊ कापड, शिलाई तीच. काखेत किती बोटं मोकळी ठेवायची यावर आमचं भांडण व्हायचं. तो पहिला चामड्याचा अजून ऑफिसात टांगलाय, विकत मागितला तरी देत नाही.

क्लिकरचं तर विचारू नका. पत्र्याची पट्टी असलेली ती एवढीशी डबी, टक् वाजते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या तालमीत शिकलेल्या केलर आणि मेरियन ब्रेलँड या नवराबायकोनं असला आवाज शिकवण्यासाठी वापरला, त्याला आता ऐंशीएक वर्षं होतील. कुत्र्यानं बरोबर केलं त्या क्षणी टक्, आणि लगेच खाऊ. आवाज खाऊचं वचन देतो, म्हणून वाजवला की द्यायचाच, चुकून वाजला तरी द्यायचा. हातात क्लिकर आला की लोक टीव्हीच्या रिमोटसारखा कुत्र्यावर रोखतात. तो बोलवायला नसतो हो. ज्यांना वेळ साधत नाही त्यांनी तो बाजूला ठेवून ‘हां’ म्हणावं. एकच शब्द, एकाच सुरात, घरातल्या सगळ्यांनी.

‘खाऊ देऊन कुठं जनावर शिकतंय व्हय?’ असं विचारणाऱ्यांना मी एक सांगते. संस्थानाच्या काळात याच कोल्हापुरात शिकारीचे चित्ते होते. चित्त्यानं हरीण पाडलं की चित्तेवान त्याला मारून बाजूला करत नव्हता. लाकडी पळीत रक्त किंवा मांस पुढं धरायचा, चित्ता त्याकडं वळला की डोळ्यांवर टोपी चढवायचा. चित्त्याला जमलं, आणि तुमच्या पॉमला काठी लागते?

पहिली काही वर्षं बरी गेली. राजारामपुरी, रुईकर कॉलनी, कसबा बावडा, सगळीकडून कुत्री यायची. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

मग शहरात एक ‘सर’ आले. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. जीपवर कुत्र्याचा फोटो, खाली ‘महिन्यात गॅरंटी’. कुत्रं त्यांच्याकडं ठेवायचं, मालकानं भेटायला यायचं नाही, महिन्यानं कडक कुत्रं घरपोच. ओढली की गळा आवळणारी चोक चेन आणि आतून काटे असलेला पट्टा. कुत्र्यावर हुकमत पाहिजे, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, हे त्यांचं भाषण. ही म्होरक्याची गोष्ट १९४७ साली बंदिस्त जागेत एकत्र कोंबलेले, एकमेकांना परके लांडगे बघून लिहिलेली आहे. ती जगभर पसरवण्यात ज्यांचा हात होता त्या लांडग्यांच्या अभ्यासकानं, डेव्हिड मीच यांनीच पुढं, १९९९ मध्ये, मोकळ्या रानातला कळप म्हणजे आईबाप आणि पोरं असतात, असं लिहून ती बाजूला ठेवली. पण जीपवरच्या भाषणाला १९९९ उजाडलंच नव्हतं. आमच्याकडं अर्धवट शिकलेली कुत्री उचलून तिकडं नेली जायची. मला त्या सरांनी नाव पाडलं, ‘बिस्किटवाली बाई’. बिस्किट आम्ही देतसुद्धा नाही. चिकन, कलेजी, पनीर.

२०१८ च्या गणपतीत ते घडलं. एक जर्मन शेफर्ड त्या सरांकडून ‘पास’ होऊन आमच्याकडं आला होता. घरात गुमसुम असतो, अशी तक्रार होती. गुरगुरला की काटेरी पट्ट्याचा हिसका, असं त्याला शिकवलं होतं. त्यानं गुरगुरणं सोडलं. भीती होती तिथंच होती, फक्त इशारा गेला. मी मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं, याला पाहुण्यांत आणू नका, तोंडाला जाळीची टोपली घालायची सवय आपण हळूहळू करू, तोपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवा. ते हसले. गौरीच्या जेवणाला घर भरलेलं, कुत्रं मधल्या खोलीत मोकळं. भाचा गळ्यात पडायला वाकला आणि कुत्र्यानं आवाज न करता हात धरला.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी. तिथं हळद लावत बसले होते.

संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर निरोप फिरला, ‘बिस्किटवाल्या बाईनं चांगलं कुत्रं बिघडवलं.’ चोक चेनचा उल्लेख नाही. दिवाळीपर्यंत आमची सकाळची बॅच बंद पडली. दीर गोकुळ शिरगावला कारखान्यात लागले. मैदानाचं भाडं थकलं. पुढच्या ऑगस्टच्या महापुरात पत्र्याची शेड आणि सगळं साहित्य गेलं, तेव्हा वाचवावं असं फार काही उरलंही नव्हतं. त्या घरातून आजवर एक फोन नाही. तो कुत्रा शेतावर साखळीला बांधलाय असं ऐकलं.

टिकलो ते वस्तादांमुळं. शिवाजी पेठेतले, तालमीत पोरं घडवणारे, कान मोडलेले. त्यांची राणी ही देशी कुत्री पेठेचा संघ फुटबॉल जिंकला की पलंगाखाली जाऊन लघवी करायची. जिंकल्यावर पेठेत काय फटाके उडतात हे तुम्हाला सांगायला नको. मी उपाय सांगितला: फोनवर फटाक्याचा आवाज अगदी बारीक लावायचा, कान हलला न हलला तोवर चिकनचा तुकडा, मग बंद. ती निवांत असेल तरच आवाज किंचित वाढवायचा. वस्तादांनी हे हंगाम संपेपर्यंत रोज केलं. त्या वाईट दिवसांत इतर कोणी नसताना रविवारी मैदानात ते आणि राणी असायचे. कोणीतरी त्यांना सरांकडं जायला सुचवलं तर म्हणाले, ‘आवं, मारून पैलवान होत न्हाई. मारलं की पोरगं तालीम सोडतंय, डाव येतच न्हाई.’ तालमीतल्या पोरांना त्यांनी आमच्याकडं पाठवलं, आणि पुढच्या वर्षाची फी आधीच आणून टेबलावर ठेवली.

लॉकडाउननंतर गाडी रुळावर आली. त्या काळात आणलेली पिल्लं तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात घराबाहेरचं माणूस न बघता वाढली, मग हेल्मेट दिसलं तरी भुंकायची. अशांना कडक करून कोण काय करणार? २०२० च्या शेवटी पोर्तुगालमधल्या संशोधकांचा ९२ पाळीव कुत्र्यांवरचा अभ्यास आला. शिक्षेच्या वर्गातली कुत्री जास्त ताणात दिसली, वर्गानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोनही, जास्त वाढलेलं होतं. त्याची प्रिंट मी ऑफिसच्या दारावर लावली. कोणासाठी ते समजणारे समजले. हल्ली तेच सर कमरेला खाऊची पिशवी बांधून फिरतात आणि पाटीवर ‘प्रेमानं शिकवतो’ लिहितात. चेन जीपच्या डिकीत असते, मामांनी बघितलीय.

दिवाळीच्या फटाक्यांची तयारी दिवाळीत करू नका, श्रावणात करा. त्या रात्री आतली खोली, पडदे ओढलेले, पंखा किंवा टीव्ही चालू, आणि फिरवणं उजेडातच उरकायचं. कुत्रं कुशीत शिरलं तर घ्या, जवळ घेतल्यानं भीती वाढते हे खोटं आहे. फारच थरथरत असेल तर डॉक्टरांशी औषधाचं बोला, आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी. आणि खाऊला रश्शातलं मटण धुऊन आणू नका. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, धुतल्यानं जात नाही.

बॅच रविवारी सकाळी सातला. कुत्रं उपाशी नको, पोट तुडुंब भरलेलंही नको. हार्नेस मामांकडून माप देऊन शिवून घ्यावा लागतो, थांबावं लागेल. फी पहिल्या दिवशी. वस्तादांची ओळख सांगून ती कमी होत नाही. त्यांची आता दुसरी राणी आहे, आणि तिची फी ते पूर्ण भरतात.