अंगठा टेकवायला जागा

गेल्या पावसाळ्यात माझा जुना, बटणांनी पान उलटणारा ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तके वाचायचे यंत्र, कायमचा बंद पडला आणि त्याच्या जागी नुसत्या टचस्क्रीनचा नवा आला. नवा जवळजवळ प्रत्येक बाबतीत सरस आहे. अक्षरे अधिक रेखीव दिसतात, उजेड डोळ्यांना सौम्य वाटतो आणि वजनही थोडे कमीच आहे. तरीही आठवडाभरात माझ्या लक्षात आले की वाचताना माझे निम्मे लक्ष माझ्याच अंगठ्याकडे लागलेले असते.

ई-रीडर एका हातात धरायचा म्हटले की अंगठा पुढच्या बाजूला कुठेतरी टेकवावाच लागतो. बटण असेल तर तो बटणावरच विसावतो आणि पान उलटण्यासाठी त्याला जागा सोडावी लागत नाही, किंचित जोर दिला की काम होते. टचस्क्रीनला मात्र विसावलेला अंगठा आणि आज्ञा देणारा अंगठा यांतला फरक कळत नाही, त्यामुळे तो अरुंद कडेवर अंग चोरून बसवायचा, पान संपले की उचलायचा, पडद्यावर टेकवायचा आणि पुन्हा कडेवर आणायचा, असा क्रम तासाभरात कितीतरी वेळा करावा लागतो. त्यातही किंडल या अॅमेझॉनच्या ई-रीडरवर पडद्याच्या डाव्या कडेची पट्टी मागच्या पानासाठी राखलेली असते. यंत्र डाव्या हातात धरले की अंगठा नेमका तिथेच पोहोचतो आणि पुढे जायचे असताना आपण मागे जातो.

मोबाईलवर दिवसभर बोट फिरवणाऱ्यांना ही तक्रार चमत्कारिक वाटेल, पण मोबाईलचा पडदा आणि ई-रीडरचा ई-इंकचा पडदा यांची जातच वेगळी आहे. ई-इंकमध्ये सूक्ष्म कुप्यांत विरुद्ध विद्युतभार असलेले काळे आणि पांढरे कण असतात, आणि विजेच्या दाबाने ते वर-खाली सरकतात तेव्हा अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान टिकवायला वीज लागत नाही, म्हणूनच बॅटरी आठवडे-आठवडे पुरते; पण कण सरकायला क्षणभर वेळ लागतोच. बटण दाबले की 'टक्' झालेले बोटाला तत्काळ कळते, मग पान अर्ध्या क्षणाने बदलले तरी मन निश्चिंत असते. टचस्क्रीनवर मात्र पान बदलेपर्यंत स्पर्श पोहोचला की नाही हे समजत नाही, मग आपण अधीर होऊन पुन्हा टेकवतो आणि दोन पाने एकदम उलटतात.

मराठी वाचणाऱ्याला हा त्रास थोडा अधिकच होतो. ओळीच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, मध्ये 'द्ध' किंवा 'ट्ठ' यांसारखी दाट जोडाक्षरे, असा देवनागरीचा संसार असल्यामुळे अक्षर मोठे आणि ओळींतले अंतर मोकळे ठेवावे लागते, आणि सहा इंची पडद्यावर मजकूर थोडाच मावतो. माझ्यासारख्या चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाने अक्षर आणखी एक-दोन पायऱ्यांनी वाढवले की पान वाचायला घेतले न घेतले तोच संपते. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरपासून रीतसर मिळू लागली खरी, पण जुनी पुस्तके आजही बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपातच हाती लागतात. ती यंत्र आडवे धरून तुकड्यातुकड्यांनी वाचावी लागतात, आणि त्या वेळी बोट जरासे घसरले तरी पान पडद्यावर तिरपे सरकून ओळींचे शेवट दिसेनासे होतात. बटणाने तुकडा जसाच्या तसा पुढे सरकत असे.

बटणे निर्दोष होती असे मात्र मी म्हणणार नाही. २००७ च्या पहिल्या किंडलवर दोन्ही कडांना इतकी लांबलचक बटणे होती की यंत्र नुसते उचलले तरी पान उलटे, अशी तक्रार तेव्हा अनेकांनी केली होती. माझ्या जुन्या यंत्राचा 'टक्' आवाजही रात्री शेजारी झोपलेल्या माणसाला नको इतका ऐकू जाई. शिवाय शब्दाचा अर्थ पाहणे, एखादी ओळ अधोरेखित करणे किंवा पुस्तकाचे नाव मराठीत टंकणे ही कामे बटणांनी करणे म्हणजे शिक्षाच होती, आणि त्यांसाठी टचस्क्रीन हवाच. आरंभी या सोयीची किंमतही मोजावी लागली. सोनीच्या २००८ मधल्या पीआरएस-७०० या यंत्रात ई-इंकवर स्पर्शाचा वेगळा थर चढवल्यामुळे पडदा चकाके आणि अक्षरे फिकी पडत. पुढे कडेतून अवरक्त किरण सोडून बोट ओळखण्याची युक्ती आली आणि तो थर काढून टाकता आला.

माझा आक्षेप टचस्क्रीन आल्याबद्दल नाही, तो आल्यावर बटणे काढून टाकल्याबद्दल आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात हे किंडल ओअॅसिसने आणि कोबो कंपनीच्या लिब्रा यंत्रांनी दाखवून दिले आहे. एका बाजूला रुंद कड, तिच्यावर दोन बटणे, आणि यंत्र उलटे धरले की मजकूरही फिरतो, म्हणजे डावखुऱ्यांचीही सोय होते. बटणांच्या फटीतून पाणी शिरेल म्हणावे, तर २०१७ चा ओअॅसिस जलरोधकच होता. तरीही २०२४ मध्ये ओअॅसिस बंद झाला आणि त्यानंतर आलेल्या किंडलांत पान उलटण्याचे एकही बटण नव्हते.

आता मी पडद्याच्या कडेला लावायचा एक चिमटा मागवला आहे. त्याच्यासोबत आलेल्या छोट्या रिमोटवरचे बटण दाबले की चिमटा पडद्यावर बोट टेकल्याचा आभास निर्माण करतो आणि पान उलटते. सोय उत्तम आहे. फक्त चिमट्याखाली प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द झाकला जाऊ नये म्हणून समास वाढवावा लागला, त्यामुळे पानावर मजकूर आणखी कमी मावतो, आणि चार्जिंगला लावायच्या वस्तूंत दोनांची भर पडली आहे.