तुम्ही विचारलंत म्हणून: विझार्डला आवर कसा घालायचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) चालवणाऱ्या माणसाला पुण्यात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला नातेवाइकांचा: ‘हे नक्की असतं काय?’ त्याचं उत्तर देणं मी सोडून दिलंय. दुसरा नव्या डीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्या ‘डंजन मास्टर’चा: ‘पाचव्या लेव्हलला विझार्ड (जादूगार) सगळी मारामारी एकटाच उरकतो आणि फायटर (लढवय्या) बघत बसतो. तुम्ही कुठले स्पेल (मंत्र) बंद केलेत?’

एकही नाही. फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा स्पेलसुद्धा चालू आहे.

तक्रार खोटी आहे असं मात्र म्हणणार नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत फायरबॉलचा मार म्हणजे ८डी६ (सहा बाजूंच्या आठ फाशांची बेरीज), सरासरी २८, आणि २० फूट त्रिज्येत जो सापडेल त्या प्रत्येकाला. सेव्ह (बचावासाठी टाकलेला फासा) जमला तरी अर्धं लागतंच. त्याच लेव्हलचा फायटर दोन वार करतो. मोठी तलवार असेल आणि दोन्ही बसले, तर २२ च्या आसपास, तेही एकाच शत्रूला. गंमत म्हणजे डीएमच्या पुस्तकात नवे स्पेल बनवायचा तक्ता आहे, त्यात तिसऱ्या पातळीच्या (फायरबॉल त्याच पातळीचा) आणि अनेकांना लागणाऱ्या स्पेलला ६डी६ सांगितलेत. म्हणजे खुद्द पुस्तकाच्या मापानंही फायरबॉल दोन फासे जास्त घेऊन बसलाय.

तरी मी ते दोन फासे काढत नाही. कारण पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे तिसऱ्या पातळीचे स्लॉट (दिवसभरात जितके स्लॉट, तितक्याच वेळा स्पेल) असतात फक्त दोन. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी हा खेळ काढला, तेव्हापासून जादूला लगाम आहे तो हाच. मंत्र पाठ करायचा, म्हटला की डोक्यातून पुसला जायचा, ही कल्पना त्यांनी लेखक जॅक व्हान्सच्या कथांवरून उचलली. आता नियम सैल झालेत, पण दिवसाचा कोटा कायम आहे. तेव्हा स्पेल किती मोठा हे नंतर बघा, आधी तुमच्या टेबलवरचा दिवस किती मोठा असतो ते बघा.

२०१४ च्या पुस्तकात एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड चकमकी धरल्या आहेत, मध्ये दोनेक शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती). आपल्याकडे काय होतं? रविवारी दुपारी कोथरूडात जमायचं, पहिला तास गप्पा आणि खाण्यात, मग एक दणदणीत मारामारी, आणि सातला कोणाला तरी घरी जायचं असतं म्हणून डीएम म्हणतो, ‘मग तुम्ही रात्री झोपता.’ सगळे स्लॉट परत! खेळाचा दिवस आणि आपला रविवार एकाच वेळी संपवायचा नाही, हा माझ्या टेबलवरचा सर्वांत मोठा घरचा नियम. सेशन अर्ध्या जिन्यावर थांबलं, तर पुढच्या वेळी त्याच जिन्यावरून, तेवढ्याच स्लॉटवर सुरू.

सध्या खेळात आमच्या पात्रांची तुकडी एका डोंगरी किल्ल्यावर चढते आहे. (सिंहगड नाही, पण नकाशा काढताना कल्याण दरवाजा डोळ्यांसमोर होता.) पहिल्याच दरवाजात आमच्या विझार्डनं दोन्ही फायरबॉल उडवले आणि म्हणाला, ‘चला, इथेच झोपू.’ मी म्हटलं, झोपा. आठ तास. एवढा जाळ खालच्या गावातून दिसला, तर बालेकिल्ल्यावरून दिसणार नाही? त्यानं टायनी हट हा स्पेल काढला: आठ तास टिकणारा घुमट, बाहेरून बाणही आत येत नाही. बरोबर आहे. पण घुमटाबाहेर वीस तिरंदाज वाट बघत बसले, तर त्यांना हाकलणारा नियम कुठेच नाही. सकाळी वरचा दरवाजा आतून दगडांनी बुजवलेला होता आणि कैदी हलवलेले होते. (एक ते चारचा विनोद टेबलवर करून झालाय, तुम्ही करू नका.)

बाकी निम्मं काम छापील नियमच करतात, आपण ते विसरतो. कॉन्सन्ट्रेशन लागणारा (लक्ष असेपर्यंतच टिकणारा) स्पेल एका वेळी एकच चालतो, आणि मार बसला की तो टिकवायला सेव्ह, आणि त्यात गाठायचा आकडा: १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मं, जे जास्त असेल ते. विझार्डचा हिट डाय (जीव किती ते ठरवणारा फासा) डी६, म्हणजे जीव थोडाच, तेव्हा शत्रूला थोडी जरी अक्कल असेल तर पहिला बाण तिकडेच जाणार. आणि ‘मी मनातल्या मनात मंत्र म्हणतो’ हे तर अजिबात चालू देऊ नका. बहुतेक स्पेल तोंडानं, ऐकू जाईल असे म्हणावे लागतात.

काही जण लाँग रेस्ट (सगळे स्लॉट परत देणारी मोठी विश्रांती) सात दिवसांची करतात. २०१४ च्या पुस्तकात तो पर्यायी नियम आहे, प्रवासाच्या कॅम्पेनला (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीला) शोभतो. किल्ल्यात किंवा भुयारात मात्र विझार्ड तासभर मोबाइल बघत बसतो, म्हणून मला तो आवडत नाही. मी एवढंच म्हणतो की लाँग रेस्ट सुरक्षित छपराखालीच मिळेल. २००८ च्या चौथ्या आवृत्तीनं फायटर, विझार्ड अशा सगळ्या प्रकारच्या पात्रांना एकाच साच्याच्या पॉवर्स दिल्या. तोल साधला, पण फायटर आणि विझार्ड यांच्यातला फरकच पातळ झाला, असं तेव्हाही अनेकांना वाटलं. मलाही वाटतं.

खरी पंचाईत अकराव्या-बाराव्या लेव्हलनंतर. तिथे विझार्ड शत्रूला मारत नाही, अडचणच ओलांडून जातो. क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या टेलिपोर्टपुढे झोपेचा हिशोब कसला? तिथे मी फायटरला गोष्टीतूनच वजन देतो. याच खेळाच्या जुन्या ‘एडी अँड डी’ आवृत्तीत नवव्या लेव्हलच्या फायटरला गढी बांधून शिबंदी मिळायची, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. आमची फायटर याच कॅम्पेनमध्ये त्या किल्ल्याची किल्लेदार होणार आहे. म्हणजे आठ तासांच्या सुरक्षित झोपेसाठी विझार्डला तिच्याच दरवाजावर परवानगी मागायला यावं लागेल, आणि ती काय अटी घालणार हे तिनं आत्ताच लिहून ठेवलंय.