आमच्या वाचणाऱ्या बाई

अमृतमहोत्सवाच्या या अंकात शाळेच्या नामवंतांबद्दल पुष्कळ लिहिलं जाईल, आणि ते लिहायलाच हवं. मला मात्र आमच्या मराठीच्या बाईंविषयी लिहायचं आहे. त्यांच्या नावावर एकही पुस्तक नाही. त्या कधी व्यासपीठावर बसल्या नाहीत. त्या वाचत. रोज, आयुष्यभर.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला, साखर पेठेतला. वडील मागावर, घरात तेलुगू. मराठी धडा वाचताना मी अडखळायचो आणि वर्ग हसायचा. एकदा बाईंनी तास थांबवला आणि विचारलं, "गड्ड्याच्या यात्रेला कोण कोण जातं?" सगळे हात वर. मग म्हणाल्या, "ज्यांची ही यात्रा, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले कवी. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. आपल्या ग्रामदैवताची भाषा कन्नड, याच्या घरची तेलुगू. हसता कशाला? हा तुमच्यापेक्षा एक भाषा जास्त जाणतो." त्यानंतर मला कोणी हसलं नाही.

रामजोशी हे सोलापूरचे, हेही आम्हाला बाईंकडून कळलं. लोक त्यांना लावणीसाठी ओळखतात. बाई मात्र त्यांच्या कीर्तनाबद्दल भरभरून बोलत. मोरोपंतांनी आर्या रचल्या बारामतीला, पण लोकांच्या कानी त्या पोहोचवल्या रामजोशांच्या कीर्तनांनी. दुसऱ्याची चांगली ओळ पुढे नेणं हे बाईंना रचण्याइतकंच मोठं काम वाटे. त्यांच्या जगण्याकडे मी आजही याच बाजूने बघतो.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ग्रंथालयात पुस्तकांची डागडुजी चाले. बाई जुजबंदीची, म्हणजे पानांच्या जुड्या एकत्र शिवायची शिलाई घालत, आणि खळ करायचं काम माझ्याकडे. ताण्याला खळ देणाऱ्या घरातला मुलगा मी, ती किती दाट हवी हे मला सांगावं लागत नसे. मैद्याच्या या खळीत मोरचूद घालायचं, नाहीतर कसर पानं खाते, हे मात्र त्यांनी शिकवलं. पुस्तकं दाबाखाली वाळत ठेवली की त्या एखादं सुटलेलं पान माझ्या हाती देत. "वाच मोठ्यांदा." मागची-पुढची गोष्ट माहीत नसायची, ती कळावी म्हणून मी अख्खं पुस्तक घरी नेऊ लागलो. मी मराठी वाचायला खरा शिकलो तो तिथे.

२ सप्टेंबर १९७६ला वि. स. खांडेकर गेले. ज्ञानपीठ मिळालेले ते पहिले मराठी लेखक. पुढच्या तासाला बाईंनी धडा घेतला नाही. १९४१ साली सोलापुरात साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष खांडेकर होते. लहानग्या बाई वडिलांचा हात धरून मांडवात गेल्या होत्या. भाषणातलं फारसं आठवत नाही, म्हणाल्या. पण पुस्तकांसाठी इतकी मोठी माणसं दाटीवाटीने खाली बसतात, हे पाहून त्या चकित झाल्या होत्या.

लग्न त्यांनी केलं नाही. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. वाड्यातल्या दोन खोल्यांत त्या राहत. "एकट्या बाईचा वेळ कसा जातो?" असं लोक कीव केल्यासारखं विचारत, त्याचा मला राग येई. त्या एकट्या नव्हत्या असं मी म्हणणार नाही. दिवाळीत वाडा माणसांनी भरून जायचा, तेव्हा त्यांचं दार लवकर लागलेलं मी पाहिलं आहे. पण त्या स्वतः एवढंच म्हणत, "रात्री दिवा मालव म्हणणारं कोणी नाही, हे बरंच आहे."

त्यांच्या वह्या मला पुढे पाहायला मिळाल्या. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद, आवडलेले उतारे सुवाच्य अक्षरात, आणि लेखकाशी चक्क भांडण. एका कादंबरीखाली बऱ्याच वर्षांच्या अंतराने लिहिलेले दोन अभिप्राय आहेत. दुसऱ्यात पहिल्याबद्दल लिहिलं आहे, "तेव्हा मला हे कळलंच नव्हतं." वाचनाबद्दल इतकं प्रामाणिक मी दुसरं काही वाचलेलं नाही.

२००६ मध्ये संमेलन पुन्हा सोलापुरात आलं, ७९वं. अध्यक्ष मारुती चितमपल्ली, आपल्याच गावचे. पंच्याहत्तरी उलटलेल्या बाईंना मी रिक्षाने घेऊन गेलो. पुढे खुर्ची मिळत होती, ती त्यांनी नाकारली. उद्घाटन मागे बसून ऐकलं आणि मग ग्रंथप्रदर्शनातच रमल्या. पुस्तक डोळ्यांपाशी धरून त्या चार ओळी वाचत आणि मगच विकत घेत.

पुढे नजर फारच अधू झाली. मग रविवारी मी वाचून दाखवू लागलो. चुकीच्या जागी थांबलो की अजूनही टोकत, "वाक्य संपलं नाही अजून."

त्यांच्या इच्छेप्रमाणे त्या वह्या आज शाळेच्या ग्रंथालयात आहेत. विश्वस्तांना विनंती आहे की त्या कुलपात ठेवू नयेत. मुलांना हाताळू द्याव्यात, पानं सुटली तर सुटू द्यावीत, पुन्हा शिवता येतात. शेवटच्या वहीतल्या नोंदी माझ्या अक्षरात दिसतील. बाई सांगत, मी लिहून घेई. दोन-तीन ठिकाणी मला त्यांचं मत पटलं नव्हतं. ते मी सांगितल्यावर त्यांनी तिथेच खाली माझंही मत लिहायला लावलं आहे.