११२ किलोचा माणूस, ५२ लिटरचा बोर्ड

सोलापुरात राहून सर्फिंग शिकतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय बे, सिद्धेश्वर तलावात करालास का?" तर नाही, त्यासाठी सांगोला-मिरज-कोल्हापूर करत आंबोली घाट उतरून पार गोव्यात हरमल-अश्वेच्या बाजूला जावं लागतं, पावसाळा संपला की पुढं मे येईपर्यंत. वर्षातनं तीन-चार चकरा होतात. त्यातली अख्खी एक मी चुकीच्या बोर्डावर वाया घालवली, म्हणून हे लिहितोय, कारण वजनदार माणसाला हे कुणी नीट सांगत नाही, सगळे नुसतं "आधी थोडं कमी करा" म्हणतात.

माझं वजन ११२, उंची ५ फूट १०. ऑनलाइन एक सेकंडहँड बोर्ड दिसला, साडेसात फुटी, इपॉक्सीचा (म्हणजे वरनं कडक राळेचं कवच), दिसायला एकदम देखणा. विकणारा म्हणाला बिगिनरला परफेक्ट आहे. त्यानं वजन विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, खरं सांगायचं तर लाजच वाटली. शिवाय डोक्यात हे की मोठा स्पंजाचा बोर्ड म्हणजे लहान पोरांचा, आपण कशाला तो घ्यायचा.

पाण्यात गेलो, पालथा झोपलो आणि बोर्ड दिसेनासाच झाला. म्हणजे होता खाली कुठंतरी, पण छातीपर्यंत पाणी आणि फक्त पुढचं टोक बाहेर, मगरीसारखं. हात मारून मारून खांदे भरून आले तरी जागचा हलेना, लाट यायची, बुडाखालनं निघून जायची, मी तिथंच. जरा पुढं सरकलो तर टोक पाण्यात घुसून मी डोक्यावर, मागं सरकलो तर ब्रेक लावल्यागत. शेजारी बारा-तेरा वर्षांची एक पोरगी जाड फोमच्या बोर्डावर पाचव्या-सहाव्या लाटेला सरळ उभी राहिली. शिकवणारा पोरगा मला म्हणाला, "दादा, किती लिटरचा आहे?" मी म्हटलं साडेसात फुटी. तो परत म्हणाला, "लिटर विचारतोय."

५२ होता.

आता हे गणित मला लहानपणीच कळायला पाहिजे होतं. मामाच्या विहिरीत पोहायला शिकलो तेव्हा बाकीच्या पोरांच्या पाठीला तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा बांधायचे आणि मला दोन. मामा म्हणायचे, ह्याला एक डबा पुरायचा नाही. तेच आहे सगळं. बोर्डाचे लिटर म्हणजे त्याचं आकारमान, आणि एक लिटर आकारमान पूर्ण बुडालं की साधारण एक किलो उचलून धरतं (समुद्राचं पाणी खारट म्हणून किंचित जास्त). झोपून हात मारताना तुमचं निम्मं अंग पाण्याबाहेर असतं आणि ते वजन बोर्डालाच पेलायचं असतं. बोर्ड वर तरंगला तर घसरतो, बुडाला तर पाणी ढकलत बसतो, आणि वेगच नाही म्हटल्यावर लाट मिळणार कुठनं. म्हणून शिकणाऱ्यानं ढोबळमानानं जेवढे किलो तेवढे लिटर धरावेत, थोडे जास्त झाले तरी बिघडत नाही. अनुभवी लोक याच्या निम्म्यापेक्षाही कमीवर खेळतात, त्यांचं बघून घेऊ नका.

फूट बघून तर अजिबात घेऊ नका. दोन नऊ फुटी बोर्डांत वीस-पंचवीस लिटरचा फरक असू शकतो, कारण रुंदी आणि जाडी. मी शेवटी घेतला तो साडेनऊ फूट लांब, २४ इंच रुंद, पावणेचार इंच जाड, १०६ लिटर, वरनं मऊ फोम. आधी शिकवणीवाल्यांचा भाड्यानं दोन दिवस वापरला, मगच घेतला. फोमचा फायदा म्हणजे डोक्यात बसला तरी टेंगळावर भागतं, इपॉक्सीला तडा गेला की आत पाणी मुरतं आणि दुरुस्तीला सोलापुरात कोण बसलंय.

तोटा एकच, काखेत मावत नाही. २४ इंचाला माझा हातच पुरत नाही, मग टॉवेलची चुंबळ करून डोक्यावर घेतो, किनाऱ्यावरचे फॉरेनर फोटो काढतात. पायाला बांधायची दोरी बोर्डाएवढी लांब आणि जाड घ्यावी, आपल्या वजनाला बारीक तुटते, माझी तुटली आणि बोर्ड माझ्या आधी किनाऱ्याला. पोट आणि छाती घासून लाल होते म्हणून अंगाला घट्ट बसणारा रॅशगार्ड लागतो, तो माझ्या मापाचा मिळेना. कापडाच्या गावात राहून! शेवटी एका टेलरकडनं लायक्राचा शिवून घेतला, त्यानं दोनदा माप घेतलं.

आणि आपल्याकडचं ऊन. एप्रिलमध्ये बोर्ड गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवला तर आतला चिकटलेला थर सुटतो, फुगे येतात. पाय घसरू नये म्हणून बोर्डावर घासायचं माझं वॅक्स तर गरम पाण्यासाठीचं म्हणून मुद्दाम घेतलेलं, सगळ्यात कडक, तेसुद्धा डॅशबोर्डवर तूप झालं. गाडीच्या टपावर नेताना फिन (बोर्डाच्या बुडाचे पंख) पुढं आणि वर तोंड करून बांधतो, चहाला थांबलो की सावली बघूनच, आणि वरनं जुनी सोलापुरी चादर. टोलनाक्यावर एकानं विचारलं, दरवाजा नेताय का?

सध्या तो हॉलमध्ये दिवाणाखाली आहे, दीड फूट बाहेर आलेला, आई रोज ठेचकाळते आणि रोज बोलते. मी रात्री त्याच्या शेजारी सतरंजीवर झोपून एका झटक्यात उभं राहायची प्रॅक्टिस करतो. परवा खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, गिरण घेतली काय ओ?