बोदोनीची केसाएवढी रेघ

"मुखपृष्ठावर बोदोनी हा टाइप (अक्षरवळण) इतका देखणा दिसतो, मग आतला मजकूरही त्यातच का लावत नाही?" पुस्तकाची मांडणी हाती घेतली की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: त्याचं सगळं देखणेपण एका बारीक रेघेत आहे, आणि लहान आकारात ती रेघ टिकत नाही.

बोदोनीतला रोमन लिपीचा मोठा 'ए' स्क्रीनभर करून बघा. डावा पाय केसाएवढा, उजवा खांबासारखा. तळाचं सेरिफ, म्हणजे अक्षराच्या टोकाला जोडलेला छोटा पाया, इथे निव्वळ आडवी रेघ. खांबाला भिडते तिथे जरासाही भराव नाही. हे टोकदार, लवचिक निबचं वळण. दाब दिला की रेघ फुगते, हात हलका केला की केसाएवढी होते. तिरका काप दिलेल्या लेखणीत इतका टोकाचा फरक येत नाही.

पॅरिसचे फिर्मां दिदो आणि पार्माचे जांबात्तिस्ता बोदोनी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे वळण छपाईच्या धातूच्या खिळ्यांत आणलं. आधी बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी गुळगुळीत कागदावर छापून वाट मोकळी केली होती. खरखरीत कागदावर अशी रेघ धड उमटली नसती. बोदोनी १८१३ मध्ये गेले. त्यांच्या टाइपांचा दोन खंडी नमुनाग्रंथ १८१८ मध्ये त्यांच्या पत्नी मार्गेरिता यांनी पूर्ण करून छापला. त्यातली पानं मी अजूनही काढून बसते. किती कोरी जागा सोडलीय त्या माणसाने!

आता इंग्रजी 'मिनिमम' हा शब्द लहान अक्षरांत, नऊ पॉइंटात (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) लावा. त्यात पंधरा उभे दांडे आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या कमानी केसाएवढ्या. छपाईत कमानी विरतात, डोळ्यांपुढे नुसतं कुंपण उरतं. सुरुवातीच्या काळात मी एक अख्खी प्रस्तावना काळ्या पट्ट्यावर पांढऱ्या बोदोनीत लावली होती. शाई पसरली, बारीक रेघा बुजल्या, आणि लेखिकेने पान डोळ्यांजवळ नेऊन वाचायचा प्रयत्न केला. तो चेहरा मी विसरले नाही.

यावर उपाय आहे. 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकासाठी टाइपरचनाकार जोनाथन हेफ्लर यांनी केलेला दिदो हा याच वळणाचा टाइप सात वेगवेगळ्या मापांसाठी आखलेला आहे, सहा पॉइंटापासून शहाण्णवपर्यंत. लहान मापात रेघ जाडसर, मोठ्या मापात नाजूक. पण एकच फाइल घेऊन ती हवी तशी लहान-मोठी करायची, हेच बहुतेक ठिकाणी चालतं.

म्हणून मी हा टाइप पुस्तकाच्या नावाला लावते, प्रकरणाच्या आकड्याला लावते (त्याचा 'दोन' आणि 'पाच' बघाच एकदा), आणि आतला मजकूर जाड-बारीक रेघांत कमी फरक असलेल्या सेरिफच्या टाइपमध्ये. तुमच्या पुस्तकाचं नाव बहात्तर पॉइंटात लावून प्रूफ पाठवते. हातभर अंतरावर धरून बघा, आणि भोवतीची कोरी जागा भरायला मात्र सांगू नका.