पुणे ते गोवा, इलेक्ट्रिक गाडीने: बोर्डावर ६०, हातात १४

रस्ता सांगत बसत नाही. निपाणीपर्यंत हायवे, पुढे आजरा आणि आंबोली. गाडीची बॅटरी ४० युनिटांची. फास्ट चार्जरवर ती ४०-४२ किलोवॅट आरामात खेचते, म्हणजे २२ टक्क्यांवरून ८० पर्यंत जायला ३५ मिनिटं. याच हिशोबावर पहाटे पाचला निघालो. कराडच्या पुढे एका ढाब्यावर हिशोबाची वाट लागली.

चार्जरच्या बोर्डावर ६० किलोवॅट, चार्जिंग ॲपमध्ये हिरवा ठिपका, म्हणजे मशीन चालू. गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं टोक, गाडीला लावली तर स्क्रीनवर २८. बरं, चालेल म्हटलं. दहा मिनिटांत एक टॅक्सी आली, तिने दुसरी गन लावली आणि माझा आकडा धाडकन १४ वर. मिसळ संपली, दुसरा चहा झाला, आई म्हणाली, "एवढ्यात एसटीने कोल्हापूर आलं असतं." एकूण दीड तास गेला.

तिथला पोरगा शांतपणे म्हणाला, "साहेब, चार डब्यांतलं दोन गेल्यात. पण मशीन चालू हाय की."

मशीनचं पोट त्याने मोबाइलमधल्या फोटोत दाखवलं. कपाटातल्या खणांसारखी चार मॉड्यूल, प्रत्येक १५ किलोवॅटचं. दोघांवर हिरवा दिवा, दोघांवर लाल. ही मॉड्यूलं ग्रिडची एसी वीज बॅटरीला लागणारी डीसी करून गाडीला देतात. दोन बंद, म्हणून एकटा होतो तेव्हा ३० च्या आत मिळत होते. टॅक्सी आल्यावर उरलेली दोन वाटली गेली, एकेका गनला एकेक. मागे पंख्याची जाळी पाहिली. रुंदीकरणाची लाल धूळ इतकी बसलेली की बोटाने नाव लिहिता यावं. हवा खेळली नाही की मॉड्यूल तापतं, तापलं की आधी वीज कमी करतं, मग बंद पडतं.

एक मॉड्यूल मेलं तरी मशीन बंद पडू नये, हाच या रचनेचा फायदा. आपल्या मुळावर तोच येतो. मशीन मरत नाही, म्हणून ॲपला ते ठणठणीत दिसतं. आणि दर? पूर्णच. २१ रुपये युनिट, वर १८ टक्के जीएसटी. वॉलेटमध्ये किमान हजार भरायला लावले, उरलेले तिथेच अडकलेत.

तेव्हा गन लावल्यावर जागचे हलू नका. दोन-तीन मिनिटांत आकडा स्थिरावतो. बॅटरी अर्ध्याखाली असून, शेजारची गन रिकामी असूनही तुमच्या गाडीच्या नेहमीच्या आकड्याच्या दोनतृतीयांशही मिळत नसेल, तर सरळ काढा आणि पुढे जा. अर्थात पुढे जाण्याइतका चार्ज हवा. २२ टक्क्यांवर पोहोचणं हा माझाच शहाणपणा. ३५ टक्क्यांखाली जाऊ नका. गाडी ४० किलोवॅटच घेत असली तरी १२० चं मशीन दिसलं तर तेच धरा. तिथे १५ ची आठ मॉड्यूल असतील, तर दोन मेली तरी ९० उरतात. ॲपमधल्या चांदण्या बघू नका, लोकांनी टाकलेले स्क्रीनचे फोटो बघा. ८० टक्क्यांच्या वर तिथे थांबणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

आंबोलीचा घाट उतरताना ब्रेकिंगमधून वीज परत बॅटरीत आली, २ टक्के वाढले. गोव्यातले तीन दिवस छान गेले.

परतताना त्याच ढाब्याजवळ ॲप उघडलं. ठिपका हिरवाच. दोन्ही गनना गाड्या लावलेल्या, एका गाडीबाहेर एक काका स्क्रीनकडे एकटक बघत उभे. थांबून सांगावंसं वाटलं, पण आमच्याकडे ४१ टक्के होते आणि आई झोपली होती.